हलक्या माउसची बखर : एक खंडन

१/
हा धागा एका लोकप्रिय कथेच्या खंडनासाठी आहे. कथा अशी : आरंभी माउस लाकडी होता, बोजड होता आणि त्याला तारेची शेपटी होती. पुढे शेपटी गळाली, वजन घटत गेले आणि अखेरीस साठ ग्रॅमांचा वायरलेस माउस अवतरला. सबब, ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्याने तोच घ्यावा. बाकीचे सारे कालबाह्य.

२/
या कथेतील घटना बहुतांशी खऱ्या आहेत. खोटा आहे तो तिच्यातला 'सबब'. बखरींविषयी आपण या धाग्यांतून अनेकदा बोललो आहोत. बखरकाराला शेवट आधीच ठाऊक असतो, कारण तो शेवट ज्याच्या दरबारी घडला त्याच्याच आश्रयाने तो लिहीत असतो. मग मागचा सारा काळ त्या शेवटाकडे शिस्तीत चालत आलेला दिसू लागतो. हलक्या माउसची प्रचलित कथा ही अशीच एक बखर आहे. तिचा आश्रयदाता विक्रेता आहे, एवढाच फरक.

३/
'एवढ्याशा माउससाठी राजवाडे कशाला?' असा आक्षेप येईल. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदपत्रांना मान द्यायला शिकवले, तो दंडक विषयाचा आकार पाहून बदलत नाही. शिवाय येथे नुकसान दुहेरी आहे. महाविद्यालयीन मुलामुलींचे काही हजार रुपये एका उसन्या गरजेपायी जातात, हे एक. 'नंतरचे ते श्रेष्ठ' असा इतिहास वाचण्याची खोड जडते, हे दुसरे. पैसे पुन्हा मिळवता येतात. खोड जात नाही.

४/
आता साधनांकडे वळू. १९६४ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माउस घडवला : लाकडी खोका, खाली परस्परांना काटकोनात बसवलेली दोन चाके, वर एकच बटण. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील प्रात्यक्षिकात जगाने तो पाहिला. १९७० मध्ये पेटंट मिळाले, त्याची मुदत १९८७ मध्ये संपली, आणि एंगलबार्ट यांना त्यावर स्वामित्वधन मिळाले नाही.

५/
हा 'एकमेव जनक' सिद्धान्तही पूर्ण टिकत नाही. जर्मनीत टेलेफुन्केन कंपनीने 'रोलकुगेल' नावाचे, पोटात गोळा असलेले उपकरण २ ऑक्टोबर १९६८ रोजी, म्हणजे त्या प्रात्यक्षिकाच्या दोन महिने आधी, जाहीर केले होते. त्याचे मूळ हवाई वाहतूक नियंत्रणासाठीच्या ट्रॅकबॉलमध्ये होते. ट्रॅकबॉल तर त्याहून जुना : १९४६ मध्ये राल्फ बेंजामिन यांनी ब्रिटिश नौदलाच्या रडार यंत्रणेसाठी तो कल्पिला, आणि १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलासाठी बनलेल्या 'डेटार' यंत्रणेत बोलिंगचा चेंडूच ट्रॅकबॉल म्हणून वापरला गेला.

६/
म्हणजे नौसैनिक, विमान-नियंत्रक आणि मजकूर संपादित करणारा संशोधक या तिघांच्या तीन निरनिराळ्या कामांतून एकमेकांच्या जवळ जाणारी तीन उपकरणे निघाली. एका रेषेत उभे राहून कोणी कोणाला मशाल दिलेली नाही. हातात काय काम आहे, यावर साधनाचे रूप ठरले. हे सूत्र लक्षात ठेवावे. पुढचा सारा युक्तिवाद त्यावर उभा आहे.

७/
या सूत्राचा उत्तम पुरावा खुद्द एंगलबार्ट यांच्या गटाने दिला. त्यांनी लाइट पेन, जॉयस्टिक, गुडघ्याने चालवायचे उपकरण आणि माउस यांची रीतसर तुलना केली व १९६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरावलेल्या हातांत माउस सरस ठरला. नवख्यांच्या बाबतीत मात्र लाइट पेन आणि गुडघ्याचे उपकरण माउसपेक्षा जलद निघाले! 'सर्वोत्तम साधन कोणते?' या प्रश्नाला पहिल्याच परीक्षेत मिळालेले उत्तर असे : कोणाच्या हातात, ते आधी सांगा.

८/
१९६८ च्या त्या प्रात्यक्षिकातील एक वस्तू बखरीतून बहुधा गळते. एंगलबार्ट यांच्या उजव्या हाताखाली तीन बटणांचा माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांचा एक छोटा कीसेट. पियानोवर स्वरमेळ धरावा तशा अनेक कळा एकदम दाबून अक्षरे व आज्ञा द्यायच्या. शिकायला अवघड, पण शिकल्यावर नजर पडद्यावरून हलवावी लागत नसे. हात कुशल होत जावा आणि साधनाने त्या कौशल्याला वाव द्यावा, ही त्यांची धारणा होती.

९/
पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातील 'आल्टो' संगणकावर (१९७३) तीन बटणे राहिली, 'स्टार'वर (१९८१) दोन झाली, आणि अ‍ॅपलच्या 'लिसा'वर (१९८३) व 'मॅकिंटॉश'वर (१९८४) एकच उरले. अ‍ॅपलचे प्रयोजन उघड होते : ज्याने आयुष्यात संगणक पाहिला नाही त्यालाही पहिल्या दिवशी चुकायला जागा नसावी. दोन घराणी येथे वेगळी झाली. एक सरावाचे, दुसरे सुलभतेचे. दोन्ही सन्मान्य आहेत; पण दुसरे पहिल्याची सुधारित आवृत्ती मात्र नव्हे.

१०/
आता तार आणि वजन. हलकेपणा आणि बिनतारीपणा हे आज जुळे भाऊ वाटतात. इतिहासात ते दीर्घकाळ वैरी होते. १९९१ मध्ये लॉजिटेकने 'कॉर्डलेस माउसमन' हा रेडिओलहरींवर चालणारा माउस आणला. तार काढली की वीज सोबत बाळगावी लागते. एक अल्कलाइन पेन्सिल सेल सुमारे २३ ग्रॅमांचा. दोन घातले की ४६. आजच्या हलक्या माउसचे सारे वजन ५५ ते ६५ ग्रॅम असते, हे ध्यानात घेतल्यास त्या काळचा सौदा कळतो : तारेपासून मुक्ती, पण ओझ्यासकट.

११/
१९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'इंटेलिमाउस एक्सप्लोरर'ने पोटातला गोळा काढून त्या जागी पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे टिपणारा सेन्सर बसवला. रबरी आवरणाचा तो पोलादी गोळा गेला, म्हणजे माउस आपोआप हलका होणार होता. बखरीच्या तर्काने येथून सरळ उतरती रेघ हवी. प्रत्यक्षात काय झाले?

१२/
प्रत्यक्षात वजन परत विकले गेले! २००५ मधील लॉजिटेकच्या 'जी५' माउससोबत धातूच्या गोट्यांची डबी मिळे. पोटात त्या भरून ३६ ग्रॅमांपर्यंत वजन वाढवता येई. २०१४ च्या 'जी५०२'सोबतही ३.६ ग्रॅमांची पाच वजने येत. 'जड माउस हातात स्थिर राहतो, अचूक चालतो' हे तेव्हाचे शहाणपण होते, आणि ते गेम खेळणाऱ्यांनाच सांगितले जात होते. चार-पाच वर्षांत तेच शहाणपण उलटे झाले. मानवी मनगट या काळात बदललेले नाही.

१३/
मग बदलले काय? २०१८ मध्ये 'जी प्रो वायरलेस' ८० ग्रॅमांत आला. २०१९ मध्ये 'ग्लोरियस मॉडेल ओ' मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे पाडून ६७ ग्रॅमांवर उतरला. २०२० च्या अखेरीस 'जी प्रो एक्स सुपरलाइट' छिद्रांवाचून ६३ ग्रॅमांच्या आत आला. कमी वीज खाणारे सेन्सर आणि छोट्या लिथियम बॅटऱ्या यांमुळे ते दोन वैरी प्रथमच एका घरात नांदू लागले. ही अभियांत्रिकी खरोखर कौतुकास्पद आहे. तिला माझा नमस्कार.

१४/
पण हे माउस कोणत्या हातासाठी घडले? नेमबाजीच्या गेममधील स्पर्धकाच्या. तो माउसची संवेदनशीलता मुद्दाम कमी ठेवतो, म्हणजे बारीक नेम साधतो. त्याची किंमत अशी की मागे वळायला सारा हात मॅटवरून झाडू फिरवावा तसा फिरवावा लागतो, माउस उचलून पुन्हा मध्यभागी ठेवावा लागतो, आणि हे तासाला शेकडो वेळा. तेथे दर ग्रॅम हिशेबात धरावा लागतो. त्या हातासाठी हलका माउस हीच योग्य निवड आहे, याविषयी माझा वाद नाही.

१५/
ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमची वंशावळ निराळी आहे. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांच्या हातून 'मड' हा गेम साकारू लागला. तो सारा शब्दांचा होता. तेथे माउसला कामच नव्हते. 'अल्टिमा ऑनलाइन' (१९९७), 'एव्हरक्वेस्ट' (१९९९) आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४) यांनी चित्रमय जग आणले, पण मूळ स्वभाव टिकला. येथे विजय नेमात नसतो. कोणती कृती, कोणत्या क्रमाने, कोणत्या क्षणी करायची, या निर्णयात असतो.

१६/
या स्वभावाचे मोजमाप उपलब्ध आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये एक कृती केली की बहुतेक पुढच्या कृतींसाठी मूळ १.५ सेकंद थांबावे लागते. 'फायनल फँटसी १४'मध्ये हा मूळ अवधी २.५ सेकंदांचा. 'ओल्ड स्कूल रुनस्केप'चे जग तर दर ०.६ सेकंदाला एकदाच पुढे सरकते. तुमचे क्लिक त्या ठोक्यावर नोंदले जाते. आणि जाहिरात काय सांगते? हा माउस दर सहस्रांश सेकंदाला आपली स्थिती कळवतो! ज्या घड्याळाचा काटाच सहाशे सहस्रांशांनी हलतो, तेथे एका सहस्रांशाची बढाई कोणाला ऐकवायची?

१७/
आणखी एक प्रमाण. 'फायनल फँटसी १४' आरंभापासूनच गेमपॅडचाही विचार करून घडवला गेला आहे आणि २०१३ च्या पुनर्रचनेनंतर तो प्लेस्टेशनवरही खेळला जातो. माउसला हात न लावता त्यातील बिकट लढाया जिंकणारे खेळाडू आहेत. जो गेम शून्य ग्रॅमांच्या माउसने, म्हणजे माउसवाचूनच, उत्तम खेळता येतो, त्याच्यासाठी ६० की ९० ग्रॅम हा जीवनमरणाचा प्रश्न असू शकत नाही.

१८/
या गेमांनी स्वतःचे साधन घडवलेही होते. २००९ चा 'रेझर नागा' अंगठ्याखाली १२ बटणे घेऊन आला. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या कृतिपट्टीवरही १२ च चौकटी असतात. हा योगायोग नव्हे. २०१२ चा 'लॉजिटेक जी६००' त्याच वाटेने गेला; वजन सुमारे १३३ ग्रॅम. आजचे निष्णात परीक्षक अशा माउसना 'वीट' म्हणून हिणवतात. मला त्यांत एंगलबार्ट यांचा कीसेट दिसतो : शिकायला आठवडे लागतील, पण शिकल्यावर आज्ञा बोटांत वसेल. ज्याला कालबाह्य म्हणून हसतात ते सरावाच्या घराण्याचे थेट वारस आहेत.

१९/
आता पूर्वपक्षाला न्याय देऊ. पहिला मुद्दा, सर्वांत बळकट : उपचारकाची भूमिका घेणाऱ्याचे काय? वीस-पंचवीस सहकाऱ्यांच्या चौकटींवरून कर्सर सतत धावता ठेवावा लागतो. येथे माउसची हालचाल हेच काम आहे. मान्य. पण पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम पाहा : लक्ष्यावर पोहोचण्याचा वेळ अंतर आणि लक्ष्याचा आकार यांच्या प्रमाणावर ठरतो. म्हणजे सहकाऱ्यांच्या चौकटी मोठ्या करून पडद्याच्या मध्याजवळ आणल्या की वेळ वाचतो. त्याला एक रुपयाही लागत नाही.

२०/
याच नियमाच्या आधारे १९७८ मध्ये झेरॉक्सच्या केंद्रात स्टुअर्ट कार्ड, बिल इंग्लिश आणि बेट्टी बर यांनी माउस, जॉयस्टिक व कळा यांची तुलना प्रसिद्ध केली. निष्कर्ष विलक्षण होता. माउसच्या गतीला मर्यादा येते ती मुख्यतः माणसाच्या डोळा-हात समन्वयाची. तो माउस तारेचा होता. आजच्या फाजील हलकेपणाचा त्यात मागमूस नव्हता. तरीही तो मानवी मर्यादेजवळ पोहोचला होता. लक्ष्यावर पोहोचण्यापुरती लढाई सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच बरीचशी जिंकली गेली होती.

२१/
दुसरा मुद्दा : हलक्या माउसने हात दमत नाही. हा एकच युक्तिवाद मला प्रामाणिक वाटतो, आणि मी तो स्वीकारतो. वस्तुमान कमी तर ढकलायला बल कमी, घर्षणही कमी. सलग पाच तास बसणाऱ्याला ते जाणवते. पण मग प्रश्न आरामाचा झाला, आणि आरामाची परीक्षा फक्त तराजूवर होत नाही. माउसची पाठ तळव्यात बसते का? अंगठ्याला टेकू मिळतो का? 'ओल्ड स्कूल रुनस्केप'मध्ये हात फार फिरत नाही, पण बोट हजारो वेळा दाबावे लागते. तेथे माउसच्या वजनापेक्षा बटण किती हलके दाबले जाते हे महत्त्वाचे. ते वजन खोक्यावर कोणी छापत नाही.

२२/
तिसरा मुद्दा : तार नको. यालाही माझी संमती आहे. टेबलाच्या कडेला अडकणारी, माउसला मागे खेचणारी तार हा खरा त्रास आहे, आणि चांगल्या वायरलेस माउसमध्ये विलंबाची तक्रार आता उरलेली नाही. मात्र बिनतारी आणि अतिहलका या दोन गोष्टी जोडूनच घ्याव्यात असे बंधन नाही. शंभर ग्रॅमांचे, अनेक बटणांचे वायरलेस माउस बाजारात आहेत. शिवाय वजन उतरवताना कापले काय, ते विचारावे : अनेकदा कडेची बटणे, कधी बॅटरीचा आकार, कधी तळव्याखालचा उंचवटा. हलकेपणा फुकट येत नाही.

२३/
चौथा मुद्दा, सर्वांत दुबळा आणि सर्वाधिक ऐकू येणारा : 'व्यावसायिक खेळाडू हाच वापरतात.' आपल्याकडे तलवारीच्या वजनावरून पराक्रम मोजण्याची जी हौस आहे, तिचेच हे उलटे रूप. तेथे कोणी मणाची तलवार वीराच्या हाती देतो, येथे कोणी पिसाचा माउस. बहुतेक लढाऊ तलवारी साधारण एक-दीड किलोच्या असत, कारण त्या दिवसभर चालवायच्या होत्या. धोप, दांडपट्टा आणि भाला यांची वजने व घडण वेगळी, कारण कामे वेगळी. भालाइताच्या शस्त्राचे वजन सांगून दांडपट्टेवाल्याला कोणी लाजवत नसे.

२४/
मग घ्यावे काय? इतिहासावरून खरेदीची यादी निघत नाही, पण प्रश्नांचा क्रम निघतो. आधी पाहावे, आपल्या गेमचे घड्याळ किती सेकंदांचे आहे. मग पाहावे, आपली भूमिका कर्सर फिरवण्याची आहे की आज्ञा देण्याची. आज्ञा देण्याची असेल तर बटणे मोजावीत. कर्सर फिरवण्याची असेल तर प्रथम पडद्याची मांडणी बदलावी. हात दुखत असेल तर आकार पाहावा, मग बटणाचा दाब, मग वजन. आणि नेमबाजीचे गेमही तितकेच खेळत असाल तर खुशाल हलका घ्यावा. त्यात काहीच गैर नाही.

२५/
या क्रमाने जाऊन कोणी साठ ग्रॅमांचा वायरलेस माउस घेतला तर मला आनंदच आहे. ती त्याच्या हाताची निवड असेल. माझा विरोध आहे तो 'हेच पुढचे पाऊल' म्हणून तो घेण्याला, आणि त्याहून अधिक, आपल्यासारख्या इतिहास वाचणाऱ्यांनी ती जाहिरात इतिहास म्हणून पुढे पाठवण्याला. २००५ मध्ये याच न्यायाने आपण पोटात धातूच्या गोट्या भरून घेतल्या असत्या.

२६/
वस्तूंचा इतिहास वाचताना एक प्रश्न कायम हाताशी ठेवावा : हे माप कोणाच्या हातावरून घेतले? लाकडी खोक्यापासून मधाच्या पोळ्यापर्यंत, दर वेळी हात निराळा होता : संपादकाचा, विमान-नियंत्रकाचा, नवख्याचा, नेमबाजाचा. तुमचा हात त्यांपैकी एखादा असेल, किंवा नसेलही. तो कोणता, हे बखरकाराला ठाऊक नाही.

धागा समाप्त. मतभेद असल्यास जरूर मांडावा. पुरावा सोबत असावा, इतकीच विनंती.
#इतिहास #वस्तूंचा_इतिहास #धागा